दुसऱ्या टप्प्यातली वेळ

सत्यवती पडली ती गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. नवऱ्याने, दगडूने, पहाटे जाळ्याने पागून आणलेली बोईट मासळी पाटीत घालून ती खाडीवरून वर येत होती. मुर्धा गावाचा हा आतला रस्ता मोठ्या रस्त्यापासून उतरत खाली मिठागरांकडे जातो. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला नाथाच्या वाडीची भिंत, आणि मध्ये एक डंपर जेमतेम मावेल एवढी जागा. मिठागरांत आता मीठ पिकत नव्हतं, भरणी चालली होती. पावसाच्या आत जमीन वर आणायची म्हणून कंत्राटदाराचे चौदा डंपर सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत माती घेऊन उतरत आणि रिकामे होऊन वर चढत.

अंगणवाडीपुढच्या गतिरोधकाजवळ सत्यवतीला समोरून, वरच्या अंगाने हॉर्न ऐकू आला. ती भिंतीकडे सरकली. गाडी गतिरोधकाला मंदावेल असं तिने धरलं होतं. ती मंदावली नाही. उडाली, कडेला खेचली गेली, आणि तिचा मागचा कोपरा पाटीला लागला. पाटी एकीकडे, सत्यवती गटारात.

माणसं धावली तेव्हा ती गटारात उठून बसली होती. उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. मासे रस्ताभर पसरले होते आणि त्यांतले दोन-तीन अजून तोंड उघडत होते. डंपर खाली धुरळ्यात गेला होता.

खांद्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून आणल्यावर दगडूने विचारलं, "गाडीचा आकडा बघितलास काय गो?"

"न्हाय. धुरळा होता निस्ता."

थोरला भूपेश त्याच कंत्राटदाराकडे डंपर चालवायचा. वर्ष झालं होतं. संध्याकाळी तो आला, आईच्या गळ्यातला पट्टा बघितला आणि पायरीवर पाठ करून बसला. जेवला नाही. मालकाची लाज वाटत असेल, असं दगडूला वाटलं. त्या मिठागरात त्याने स्वतः वीस वर्षं मीठ ओढलं होतं. मुलगा तिथेच माती टाकतो, हे त्याला पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दगडू आणि धाकटी पूर्वी वाहतूक पोलिसांच्या चौकीत गेले. टेबलामागच्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं.

"गाडीचा नंबर नाही. साक्षीदार नाही. मग लिहू काय?"

"साहेब, सगळ्याच गाड्या जोरात येतात," पूर्वी म्हणाली. "सोळा तारखेला अंगणवाडी उघडतेय. अठ्ठावीस मुलं आहेत."

"कंत्राटदाराने लेखी दिलंय, वीसच्या वर गाडी जात नाही. तुम्ही म्हणता जोरात. जोरात म्हणजे किती? मोजलंय का?"

दगडू टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं, आपल्याला हसतायत. तो वळला. पूर्वी मात्र तिथेच थांबली. हवालदार हसत नव्हता. त्याने खरंच विचारलं होतं.

पूर्वी भाईंदर पूर्वेला शशिकांतकाकांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. स्टेशनजवळच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि फरसाणवाला यांच्यामध्ये. सोमवारी तिने काकांना विचारलं, "काका, रस्त्यावरून गाडी गेली की तिची वेळ कॉम्प्युटरमध्ये पडेल असं काही करता येईल?"

शशिकांतकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "लिफ्टच्या दारात असतो ना, तसा किरण टाकायचा. हात मध्ये आला की दार थांबतं. तुझी गाडी मध्ये आली की घड्याळ चालू. पुढे दुसरा किरण. तो तुटला की घड्याळ बंद. मधलं अंतर तुला माहीत आहे."

"आणि तिसरा लावला तर?"

"तर पुढच्या टप्प्यातही कळेल. कशाला पाहिजे?"

"गतिरोधकाला गाडी हळू होते का, तेही बघायचंय."

काकांनी भंगाराचा खोका तिच्यापुढे सरकवला. "यातलं काय पाहिजे ते घे. पण पोरी, कुणाच्या गाड्या मोजतेस ते बघून मोज."

किरणासाठी तिने बाजारातून लाल लेझरच्या तीन खेळण्यातल्या बॅटऱ्या आणल्या. किरण पकडायला अंगणातल्या सोलर दिव्यांमधले प्रकाश ओळखणारे बारके तुकडे काढले. उन्हात ते आंधळे होऊ नयेत म्हणून प्रत्येक तुकडा पाण्याच्या पाइपच्या वीतभर काळ्या नळीत खोल बसवला. तिन्हींच्या वायरी एका छोट्या बोर्डात आणि बोर्डाची वायर दुकानातून आणलेल्या, कोपरा तडकलेल्या जुन्या लॅपटॉपला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने पहिल्यांदा ते जोडलं आणि किरणात बोट घातलं. पडद्यावर एक आकडा उमटला. आईने चुलीवरून मान वळवून बघितलं आणि परत भाकरीकडे वळली. डाव्या हाताने भाकरी थापता येत नव्हती, तरी ती थापत होती.

दगडूने मोजमापाचं काम केलं. घरापुढे, गतिरोधकाच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला जाळी वाळत घालायचे त्याचे बांबू होतेच. लोखंडी टेपने दहा मीटर, परत दहा मीटर, असे तीन बांबू त्याने नव्याने रोवले. किरण माणसाच्या डोक्याच्या बराच वर ठेवला, म्हणजे बायका, सायकली, रिक्षा खालून जातील आणि फक्त डंपर लागेल. किरण पकडणाऱ्या नळ्या समोर नाथाच्या भिंतीवर.

नाथा दगडूबरोबर मिठागरात होता. तो म्हणाला, "लाव. पन माझं नाव कुटं येता कामा न्हाय. मना म्हाईत न्हाय भिंतीवर काय हाय ते."

पहिल्या दिवशी काहीच जमेना. भरलेला डंपर गेला की जमीन हादरायची, बांबू थरथरायचे आणि किरण नळीच्या तोंडातून सरकायचा. घरात हंड्यातल्या पाण्यावर चक्रं उठायची, खिडकीची काच वाजायची, आणि पडद्यावर भलतेच आकडे पडायचे. पूर्वी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी दगडूने रंगाचे रिकामे डबे आणले, बांबूंचे बुडखे त्यांत ठेवून सिमेंट ओतलं आणि डब्यांखाली सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे घातले. होडीचं इंजीन बसवताना असंच करतात, म्हणाला. किरण जागचा हलेना.

मग बांबूवर जाळी टाकली. बघणाऱ्याला वाटावं, जाळी वाळतायत.

चाचणी म्हणून दगडू एका उंच काठीला गोणपाट बांधून रस्त्यावरून चालला. पहिला टप्पा आठ सेकंद, दुसरा आठ सेकंद. पूर्वीने घरातून हाक मारली, "बाबा, आता पळा." दगडू पळाला. पंचावन्न वर्षांचा माणूस काठी धरून रस्त्यावरून पळतोय हे बघून नाथाची सून तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात आठवडाभरात ऐकू आलेलं तेवढंच हसू.

डंपरच्या नंबरपाट्या मातीने लिंपलेल्या असत. पण कंत्राटदाराने दारांवर पांढऱ्या रंगाने एक ते चौदा आकडे घातले होते. गाडी गेली की तिचा आकडा कुणीतरी लॅपटॉपवर दाबायला हवा होता. पूर्वी दिवसभर दुकानात. दगडू पहाटे खाडीत आणि मग बाजारात. उरली सत्यवती.

"मना न्हाय जमायचं," ती म्हणाली.

"आये, आकडेच दाबायचेत. मोबाईलवर दाबतेस तसे."

"डाव्या हातानी?"

"डाव्या हाताने."

सत्यवतीने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून ती सकाळी सातला खिडकीशी बसायला लागली. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, गळ्यात पट्टा. गाडीचा आवाज वर मोठ्या रस्त्याला सुरू झाला की तिचा डावा हात आधीच उचलला जाई आणि हवेतच थांबून राही. गाडी गेली की बोट खाली. संध्याकाळी पूर्वी घरी आली की आई घामाने भिजलेली असे. पंखा चालू असून.

आठवडाभराने पूर्वीने सगळी यादी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर उघडली. दहा मीटरला एक सेकंद म्हणजे ताशी छत्तीस. पहिल्या टप्प्यात बहुतेक गाड्यांना एक सेकंदही लागत नव्हता. चाळीसच्या आसपास, वीस नव्हेच. दुसऱ्या टप्प्यात, गतिरोधक समोर दिसला की, त्याच गाड्यांना दोन सेकंद लागत होते. म्हणजे ड्रायव्हर ब्रेक लावत होते. एवढी यादी चौकीत पुरे झाली असती. ती कागद काढायला उठली आणि परत बसली.

काही ओळींत आकडाच नव्हता. आईचं बोट राहून गेलं असेल, म्हणून तिने आधी सोडून दिलं होतं. पण रोज सहा-सात ओळी तशा होत्या. आणि चौदा गाड्यांतली एक गाडी यादीत कुठेच नव्हती. सात नंबरची.

सात नंबर भूपेश चालवायचा.

तिने बिनआकड्याच्या ओळी वेगळ्या काढल्या. पहिला टप्पा एक पूर्णांक सहा. सगळ्या गाड्यांत हळू. तिला बरं वाटलं, दादा जपून चालवतोय. मग तिने दुसरा टप्पा बघितला. एक पूर्णांक चार. पुढची ओळ, एक पाच, एक तीन. पुढची, तशीच. बाकी सगळ्या गाड्यांची वेळ दुसऱ्या टप्प्यात वाढत होती. या एका गाडीची कमी होत होती. उतारावर, गतिरोधकाच्या तोंडावर, अंगणवाडीच्या दारात, ती गाडी आणखी जोरात जात होती. दर वेळी. शेवटच्या दोन दिवसांत तर एक तीन आणि एक.

पूर्वीने खुर्ची मागे ढकलली.

"काय गं?" शशिकांतकाकांनी विचारलं.

"काका, ही गाडी मुद्दाम हळू येते."

"मग चांगलंच आहे."

"नाही. ती हळू येते, कारण पुढे तिला हळू होता येत नाही."

काका तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरच्या ओळी त्यांनी बोटाने वरून खाली वाचल्या. मग ते म्हणाले, "घरी जा तू. आता जा."

ती पोचली तेव्हा आई खिडकीतच होती. पूर्वीने तिच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला.

"सात का दाबत नाहीस आये?"

सत्यवतीने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"दादाचं नाव येऊ नये म्हणून?"

"तो माझा पोर हाय. तुमी कागद घेऊन पोलिसात जाणार. मी त्याला माझ्या हातानं धरून देऊ?"

"त्याच्या गाडीला ब्रेक नाहीयेत आये. तो वेगाने चालवत नाहीये. गाडी थांबतच नाहीये."

सत्यवतीने तिच्याकडे बघितलं. बाहेर वरून एक गाडी उतरायला लागली, काच वाजली, आणि दोघींनी एकदमच माना वळवल्या. चार नंबर होता.

भूपेश दिवेलागणीला आला. दगडू ओटीवर जाळं सांधत होता. पूर्वीने भूपेशच्या पुढ्यात कागद ठेवला आणि बोटाने दोन आकडे दाखवले. त्याने कागद हातात घेतला नाही. नुसता बघितला. त्याला समजायला वेळ लागला नाही. रोज तोच तर ती वेळ पायाखाली मोजत होता.

"ब्रेक हवा धरत नाही," तो म्हणाला. "दाबला की आत जातो, पण पकडत नाही. मी वरूनच गिअर पाडून उतरतो. खाली मिठागरात चिखल आहे, तिथे थांबते."

"कंदीपासून?" दगडूने विचारलं.

"महिना झाला असेल."

"सांगितलंस का त्यांना?"

"दोनदा. बोलतात, चार दिवस काढ, पाऊस लागला की गाडी गॅरेजला टाकू. गाडी उभी केली तर एक गाडी कमी. माझं लायसन त्यांच्या कपाटात आहे, बाबा. पहिल्या दिवशीच घेतात. सोडून गेलो तर ते मिळत नाही."

"म्हणून तसाच चालवतोस?"

भूपेश हसल्यासारखा झाला. त्याच्या उजव्या पायाची पोटरी आपोआप ताठ होत होती आणि सैल पडत होती. बसल्या जागी, पायरीवर. त्याने ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"चार दिवस," तो म्हणाला. "अंगणवाडी सोमवारी उघडते ना? रविवारपर्यंत माती संपते. मी हॉर्न देत येतो. तेवढे दिवस तुम्ही कुणी रस्त्यावर येऊ नका."

सत्यवती दारात उभी होती. "काढू दे त्याला चार दिवस," ती म्हणाली. "पूर्वी, राहू दे तो कागद."

शुक्रवारी पूर्वी कामाला गेली नाही. ती आईशेजारी खिडकीत बसली. वर आवाज झाला की दोघी श्वास धरायच्या. सात नंबर दूरवरून ओळखू यायचा. त्याचा हॉर्न मोठ्या रस्त्यावरूनच सुरू व्हायचा आणि खाली चिखलात जाईपर्यंत थांबायचा नाही. हॉर्न थांबला की सत्यवती डोळे उघडायची. पूर्वी पडद्यावर बघायची. पहिला टप्पा एक पूर्णांक दोन, दुसरा शून्य पूर्णांक नऊ. पुढच्या फेरीला एक पूर्णांक एक, शून्य पूर्णांक नऊ.

दुपारी वारं पडलं आणि धुरळा रस्त्यावरच लोंबकळत राहिला. त्या लाल धुरळ्यात नाथाच्या भिंतीपासून जाळ्यांपर्यंत तीन तांबड्या रेघा उघड्या दिसायला लागल्या. पूर्वीला ते दिसलं आणि ती उठून बाहेर पळाली. पण तोवर एका मोटरसायकलवाल्याने मान वर करून त्या रेघा बघितल्या होत्या. तो कंत्राटदाराचा सुपरवायझर होता, साईराज. पंचविशीतला, स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने गाडी स्टँडवर लावली आणि ओटीवर येऊन पाणी मागितलं.

दगडूने तांब्या दिला. साईराज सगळं पाणी सावकाश प्यायला.

"काका, ही जाळी छान आहेत. कधीची वाळतायत?"

दगडूने जाळ्यांकडे बघितलं.

"काय आहे ना, ड्रायव्हर लोक घाबरतात. डोळ्यावर लाल लाइट मारली, गाडी कुठे गेली, अपघात झाला, तर केस तुमच्यावर. समझ रहे हो ना? मी तर घरच्यासारखं सांगतोय. भूपेश आमचाच माणूस. त्याचं लायसन पण आमच्याकडेच आहे, सांभाळून ठेवलंय." त्याने तांब्या खाली ठेवला. "काढून टाका. आता. मी थांबतो."

दगडूने बांबू उपटायला सुरुवात केली. डबे जड होते. पहिला त्याला एकट्याला उचलेना. तो वाकला, पोटाशी डबा धरून दोन पावलं गेला आणि खाली ठेवला. परत उचलला. साईराज मोबाईलमध्ये बघत उभा होता. पूर्वी मदतीला धावली तेव्हा दगडू हळूच म्हणाला, "तू आत जा. वायर काढ आणि त्यो कॉम्प्युटर पेटाऱ्यात घाल." त्याच्या हनुवटीवरून घाम गळत होता. तिन्ही डबे त्याने एकट्याने परसात नेले. नाथाच्या भिंतीवरच्या नळ्या साईराजने स्वतः ओढून काढल्या आणि गटारात टाकल्या. नाथाच्या घराचं दार आतून बंद होतं.

मोटरसायकल गेली. दगडू ओटीवर बसला. हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं मिटत नव्हती.

"उद्या कागद घेऊन जायचं," तो म्हणाला.

"दादाचं लायसन?" पूर्वीने विचारलं.

"पोर राहिला तर लायसन."

सत्यवती आतून म्हणाली, "मी पन येते."

शनिवारी सकाळी तिघंही चौकीत गेले. दगडूने भूपेशला घरीच राहा म्हणून सांगितलं होतं, हात धरून सांगितलं होतं. पण ते निघायच्या आधीच तो गेला होता. चौकीत या वेळी एक बाई अधिकारी होत्या, मृणालिनी मॅडम. त्यांनी कागद नीट वाचला. पूर्वीने किरण कसा तुटतो, वेळ कशी पडते ते सांगितलं. मॅडमनी मध्येच थांबवून दोन प्रश्न विचारले आणि एका ओळीवर पेन्सिलीने खूण केली.

"कुणी शिकवलं हे?"

"दुकानात काम करते, मॅडम."

"काम चोख आहे. पण ऐका. हे घरी बनवलेलं यंत्र. कंत्राटदाराचा वकील म्हणेल, आकडे घरी बसून टाइप केले. मी हा कागद वर पाठवीन, तिथून माणूस येऊन मोजेल, आठ-दहा दिवस जातील."

"सोमवारी अंगणवाडी आहे," पूर्वी म्हणाली. "आणि माझा भाऊ आज..."

"मला कळतंय. पण गाडी आत्ताच्या आत्ता उभी करायची तर मला तक्रार पाहिजे. अपघात झालाय, अमुक गाडीने झालाय, असं कुणीतरी सांगायला पाहिजे. तुमच्या आईच्या वेळचा नंबर असता तर मी आता माणसं पाठवली असती."

पंखा फिरत होता. दगडूने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"सात," सत्यवती म्हणाली.

पूर्वीने वळून बघितलं.

"सात नंबर होता," सत्यवती मॅडमकडे बघत म्हणाली. "मी बघितला. पयल्या दिवशीच बघितला."

"मग त्या वेळी का नाही सांगितलंत?"

सत्यवतीचा डावा हात गळ्यातल्या पट्ट्याशी गेला. "लिवा तुमी. सात नंबर."

"चालवणारा कोण होता, दिसला?"

"दिसला."

"नाव माहीत आहे?"

"भूपेश."

मॅडमचं पेन चाललं. मग थांबलं. 'माझा भाऊ' असं पूर्वी मघाशी अर्धवट म्हणाली होती. त्यांनी यादी परत बघितली, आणि मग दगडूकडे, पूर्वीकडे बघितलं.

"मावशी, तुमचा कोण तो?"

"ल्योक," सत्यवती म्हणाली. "थांबवा त्याला, बाय. तो आता माती घेऊन निघाला असंल."

मॅडम उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी दोन माणसांना जीप घेऊन पाठवलं, फोन केला. परत आल्या तेव्हा त्यांनी सत्यवतीसाठी खुर्ची ओढली. जबाब लिहून झाला. डाव्या हाताने सही जमेना म्हणून अंगठा घेतला.

मग वाट बघणं सुरू झालं. चौकीपासून मुर्ध्यापर्यंत जीपला वीस मिनिटं. दहा ते साडेदहाच्या मध्ये सात नंबरची एक फेरी असते, पूर्वीला माहीत होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले, साडेदहा. दगडू बाहेर जाऊन उभा राहिला, आत आला, परत बाहेर गेला. सत्यवती खुर्चीत पुढे झुकून जमिनीकडे बघत होती. कान मात्र वरच होते. त्या गर्दीच्या रस्त्यावर कितीतरी हॉर्न वाजत होते आणि प्रत्येकाला तिचे खांदे उचलत होते, मोडलेलासुद्धा. पूर्वीने तिचा हात धरला.

"आये, तुला माहीत होतं. आणि तू रोज खिडकीत बसायचीस."

"तो सुखरूप गेला का बघायला बसायची," सत्यवती म्हणाली.

अकराला दहा मिनिटं असताना जीप आली. मागच्या सीटवरून भूपेश उतरला. अंगावर लाल माती, केस, भुवया, सगळं लाल. गाडी वर मोठ्या रस्त्यावरच अडवली होती, उताराच्या तोंडाशी. चाकांपुढे दगड लावून उभी केली होती. तो आत आला आणि आईला बघून दारातच थांबला.

"सात नंबर तूच चालवतोस?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"सोळा दिवसांपूर्वी, गुरुवारी, अंगणवाडीजवळ एका बाईला धक्का लागला. तेव्हाही तूच होतास?"

"हो."

"समोर आई आहे, हे दिसलं होतं?"

भूपेशने भिंतीचा आधार घेतला. "दिसली म्हणून तर ब्रेक मारला," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा हुंदका देऊन खाली बसला. "दोन्ही पायांनी मारला, मॅडम. दोन्ही पायांनी."

सत्यवती खुर्चीतून उठली. एका हाताने धरत धरत ती त्याच्याजवळ गेली आणि फरशीवर टेकली. डाव्या हाताने त्याच्या भुवईवरची माती पुसत राहिली.

त्या दुपारी तपासणीच्या माणसाने सात नंबर मोकळ्या मैदानात चालवला. ब्रेक दाबला, आणि गाडी मातीच्या बांधाला जाऊन टेकली तेव्हाच थांबली. उतरल्यावर तो बराच वेळ गाडीकडे पाठ करून उभा राहिला. मग बाकीच्या तेराही गाड्या जागीच उभ्या करायला लावल्या. त्यांतल्या पाचांचेही ब्रेक झिजत आलेले निघाले. एका गाडीच्या बिहारहून आलेल्या ड्रायव्हरने चावी टेबलावर ठेवली आणि न विचारताच पूर्वीच्या कागदावरची स्वतःची ओळ शोधून दाखवली.

कंत्राटदारावर गुन्हा लागला. भूपेशवरही लागला. लायसन कपाटातून निघालं, पण पोलिसांच्या पाकिटात गेलं आणि सहा महिने तिथेच राहणार होतं. कोर्टाची तारीख पडली. नाथा संध्याकाळी येऊन दगडूजवळ बसला, भिंतीबद्दल काही बोलला नाही, जाताना परसातला एक डबा दगडूबरोबर धरून कडेला लावून गेला.

सोमवारी सकाळी अंगणवाडी उघडली. रस्ता मोकळा होता. तरी बायका मुलांना भिंतीच्या कडेनेच घेऊन चालल्या होत्या आणि दर दोन पावलांनी मागे वळून बघत होत्या. पूर्वी कामाला निघाली. भूपेश ओटीवर चटई टाकून झोपला होता, ऊन तोंडावर आलं तरी. त्याचा उजवा पाय झोपेतही मधूनच जोरात आत दाबला जात होता. सत्यवती त्याच्या उशाशी बसली होती. पाय दाबला गेला की ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "थांबली रे, थांबली."